मास्क: कोण कोणाला वाचवतं आणि फट कुठे राहते

या वेळी मास्कबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत नाकातोंडावरची मुखपट्टी आहेच, पण ऑक्सिजनचा, झोपेच्या यंत्राचा आणि रेडिएशनचा मास्कही आहे. शिवाय रिपोर्टवर लिहिलेल्या ‘मास्क्ड’ या शब्दाने घाबरलेले वाचकही आहेत. सगळ्यांनाच उत्तरं देतो. एक विनंती मात्र आधीच: ऑक्सिजनचा प्रवाह किंवा यंत्राचा दाब हे वाचून स्वतःहून बदलू नका, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

प्रश्न: वडिलांना फुप्फुसाचा क्षयरोग झाल्याचं गेल्या आठवड्यात कळलं. बेडक्यात जंतू सापडले आहेत. आम्ही घरातल्या सगळ्यांसाठी एन-९५ आणले आणि वडिलांनाही तोच दिला, पण त्यात त्यांना धाप लागते. काय करावं?

उत्तर: वडिलांचा एन-९५ काढा आणि त्यांना साधा तीनपदरी सर्जिकल मास्क द्या. या दोन मास्कची कामं वेगळी आहेत. सर्जिकल मास्क घालणाऱ्याच्या तोंडातून निघालेले थेंब अडवतो, म्हणजे समोरच्याला वाचवतो. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी तो आला तोही रुग्णाची उघडी जखम सर्जनच्या थुंकीपासून वाचवण्यासाठी. एन-९५ बाहेरची हवा गाळून आत घेतो, म्हणजे घालणाऱ्याला वाचवतो. खोकणाऱ्या माणसाच्या तोंडाशी थेंब अजून मोठे, ओले आणि जड असतात, त्यामुळे तिथे त्यांना अडवणं सोपं जातं. तेच थेंब हवेत आले की वाळतात, एक ते पाच मायक्रॉन इतके बारीक होतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. त्या टप्प्यावर मात्र साधा मास्क अपुरा पडतो. रुग्णाला एन-९५ देऊन फारसा फायदा होत नाही. उलट आजारी फुप्फुसाला त्यातून श्वास ओढणं जड जातं आणि माणूस वैतागून मास्क हनुवटीखाली ओढतो. वडिलांच्या मास्कला पुढे झडप असेल तर तो मुळीच वापरू नका. त्या झडपेतून उच्छ्वास न गाळता थेट बाहेर पडतो.

घरातल्या बाकीच्यांसाठी मास्कपेक्षा मोठं काम खिडकी करते. वडिलांची खोली अशी निवडा की समोरासमोर दोन खिडक्या किंवा एक खिडकी आणि एक दार उघडं राहील. पंखा त्यांच्याकडून तुमच्याकडे वारा आणेल असा ठेवू नका. तपासणीसाठी बेडका काढायचा असेल तर तो मोकळ्या हवेत काढायला सांगा. जवळ बसून बराच वेळ शुश्रूषा करायची असेल तर तुम्ही एन-९५ घाला. रुग्णाच्या जंतूंना नेहमीची औषधं लागू पडत नसतील तर हे जास्तच कटाक्षाने पाळा. ताटवाट्या आणि कपडे वेगळे ठेवण्यात शक्ती घालवू नका. क्षयरोग त्यांतून पसरत नाही.

औषधं जंतूंना लागू पडत असली आणि रोज न चुकता घेतली, की संसर्ग पसरवण्याची क्षमता झपाट्याने कमी होते; साधारण दोन आठवड्यांचा काळ धरतात. मास्क कधी बंद करायचा हे डॉक्टर बेडक्याची तपासणी पाहून सांगतील. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. घरच्यांना लागण व्हायची असेल तर ती बहुतेकदा निदानाच्या आधीच्या महिन्यांत झालेली असते. म्हणून आज मास्क आणण्याइतकंच सगळ्यांची तपासणी करणं गरजेचं आहे. पाच वर्षांखालची मुलं असतील तर त्यांना सर्वांत आधी न्या, त्यांना प्रतिबंधक औषध द्यावं लागतं.

प्रश्न: मी परिचारिका आहे. एन-९५ चेहऱ्यावर नीट बसला आहे हे ओळखायचं कसं? आमच्या वॉर्डातले एक सहकारी दाढी ठेवून तोच मास्क वापरतात.

उत्तर: मास्कचं कापड कितीही उत्तम असलं तरी हवा नेहमी कमी अडथळ्याच्या वाटेने जाते. गालाशी फट राहिली की ती गाळणीतून जाण्याचे कष्ट घेत नाही. एन-९५ मधला ‘९५’ आकडा कापडाचा आहे: चाचणीतले सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण ते कापड किमान ९५ टक्के अडवतं. ‘एन’ म्हणजे तेलकट कणांसाठी तो बनवलेला नाही. चेहऱ्यावर तो कसा बसतो याची हमी त्या आकड्यात कुठेच नाही.

घालताना मास्क तळहातात कपासारखा धरा, पट्टे खाली लोंबू द्या. हनुवटीपासून सुरुवात करून नाकावर टेकवा. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांच्या खाली मानेवर घ्या. पट्टे एकमेकांवर फुली करून ओढू नका, त्याने कडा चुरगळतात आणि गालाशी फट पडते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून कडेकडे दाबत जा. एका हाताच्या चिमटीत धरली तर मध्ये टोकदार घडी पडते आणि हवा तिथूनच निसटते.

मग दोन्ही तळहातांनी मास्क झाका आणि जोरात श्वास सोडा. नाकाशी किंवा गालाशी वारा लागला तर पट्टी आणि पट्टे पुन्हा बसवा. नंतर झटकन श्वास आत घ्या; मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. ही तपासणी दर वेळी करायची, दिवसातून दहा वेळा घातला तर दहाही वेळा.

याशिवाय वर्षातून एकदा फिट टेस्ट लागते. डोक्यावर पारदर्शक टोप घालून आत कडू किंवा गोड चवीचा फवारा सोडतात. आधी मास्कशिवाय पातळ द्रावण फवारून तुम्हाला ती चव कळते का हे बघतात, कारण काही जणांना ती कळतच नाही आणि मग चाचणीला अर्थ उरत नाही. नंतर मास्क घालून एकेक मिनिट साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, मोठ्याने वाचन, वाकणं आणि पुन्हा साधा श्वास. मध्येच चव आली तर तो मास्क तुमचा नव्हे. आधी पंधरा मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. निकाल त्या कंपनीच्या त्या मॉडेलपुरता आणि त्या मापापुरताच असतो. रुग्णालयाने पुरवठादार बदलला की चाचणी पुन्हा करायची. वजनात मोठा फरक पडला किंवा कवळी बसवली तरीही पुन्हा.

दाढीबद्दल स्पष्टच सांगायला हवं. मास्कची कड जिथे टेकते तिथे केस असतील तर सील होत नाही. एक-दोन दिवसांचे खुंटही पुरेसे असतात. कडेच्या आत मावणारी बारीक मिशी चालते. दाढी ठेवायचीच असेल तर चेहऱ्याला चिकटण्याची गरज नसलेला, पंख्याने गाळलेली हवा सोडणारा सैल टोपाचा श्वसनरक्षक मागून घ्यावा. तो मिळेपर्यंत क्षयरोग, गोवर, कांजिण्या अशा हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या खोलीत त्या सहकाऱ्यांना पाठवू नये.

प्रश्न: एन-९५ धुऊन किंवा त्यावर स्पिरिट मारून पुन्हा वापरता येतो का? दिसायला तर नवा दिसतो.

उत्तर: नाही. दिसायला नवा राहतो, हाच धोका आहे. या मास्कच्या मधल्या थरात पॉलिप्रोपिलीनचे अतिशय बारीक धागे असतात आणि ते बनवतानाच त्यांच्यावर स्थिर विद्युतभार भरलेला असतो. मोठे कण वेगात येऊन धाग्यावर आदळतात. अगदी सूक्ष्म कण वेडेवाकडे भरकटत धाग्याला चिकटतात. मधल्या, ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांना या दोन्ही वाटा नीट लागू होत नाहीत, म्हणून चाचणी त्याच मापाच्या कणांवर घेतात. त्यांना ओढून घेण्याचं बरंचसं काम हा विद्युतभार करतो. स्पिरिट आणि साबण तोच घालवतात. गाळण्यांची वीज काढून टाकायची असते तेव्हा प्रयोगशाळेत मुद्दाम अल्कोहोलचीच वाफ वापरतात.

टंचाईत तोच मास्क त्याच व्यक्तीने पुन्हा वापरायचा तर हवा खेळेल अशा कागदी पिशवीत, नाव लिहून, सुटा ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत तो दमट राहतो. उत्पादकाची वेगळी सूचना नसेल तर एक मास्क पाचपेक्षा जास्त वेळा घालू नये, कारण दर वेळी पट्टे ताणून सैल होतात. रक्त उडालं, ओला झाला, पट्टा तुटला किंवा वर सांगितलेली तपासणी जमेना, की फेकून द्या. काढताना खालचा पट्टा आधी, वरचा नंतर. पुढच्या भागाला हात लावायचा नाही. हात आधीही धुवायचे, नंतरही.

प्रश्न: सर्जिकल मास्कची रंगीत बाजू आजारी असताना बाहेर आणि निरोगी असताना आत ठेवावी, हे खरं आहे का?

उत्तर: खोटं आहे. रंगीत बाजू नेहमी बाहेर. बाहेरचा थर पाणी परतवतो, मधला गाळतो, आतला ओल शोषतो. उलटा घातला तर तोंडाची वाफ आतच साचते आणि बाहेरून उडालेलं द्रव शोषलं जातं. दोन्ही बाजू पांढऱ्या असतील तर चुण्यांकडे पाहा: बाहेरच्या बाजूला त्यांची तोंडं खाली असतात, म्हणजे त्यांत काही साचत नाही. चुण्या पूर्ण उघडून हनुवटीखाली घ्या. चश्म्यावर वाफ धरते ती नाकाशी फट असल्यामुळे. काच पुसत बसण्यापेक्षा तार नीट दाबा.

पाकिटावर पातळी १, २, ३ असं लिहिलेलं असेल तर त्यात द्रव अडवण्याची ताकदही मोजलेली असते. अनुक्रमे ८०, १२० आणि १६० मिलिमीटर पारा इतक्या दाबाने कृत्रिम रक्ताची चिळकांडी मारून ते आत झिरपतं का, हे बघतात. सुईने रक्त काढायला पातळी १ चालेल. धमनीतून रक्त उडू शकेल अशा शस्त्रक्रियेला ३ हवी.

प्रश्न: मास्कमुळे आपलाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत जाऊन ऑक्सिजन कमी होतो का?

उत्तर: निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन मास्कमुळे चिंता वाटावी इतका उतरत नाही. वायूचे रेणू कापडाच्या छिद्रांच्या तुलनेत फारच लहान असतात, ते सहज ये-जा करतात. एन-९५ मध्ये मात्र श्वास ओढायला जोर लागतो आणि आत गरम, दमट हवा राहते, त्यामुळे डोकं दुखणं किंवा घुसमटल्यासारखं वाटणं खरं आहे. तो मनाचा खेळ नाही. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा गंभीर आजार असेल तर विचारून वापरा. दोन वर्षांखालच्या बाळाला, बेशुद्ध माणसाला आणि स्वतःच्या हाताने मास्क काढू न शकणाऱ्या कोणालाही मुखपट्टी लावू नये.

प्रश्न: आईला सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार) आहे. रुग्णालयात तिला आधी पिशवीचा मास्क लावला, मग तो काढून रंगीत नळीचा लावला आणि ऑक्सिजन मुद्दाम कमी केला. बोटावरच्या यंत्रात रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९० असताना कमी का केला, या विचाराने आम्ही घाबरलो.

उत्तर: डॉक्टरांनी बरोबर केलं, फक्त तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं. ऑक्सिजनचे मास्क दिसायला सारखे असले तरी आत पोहोचणारं प्रमाण फार वेगळं असतं.

साध्या मास्कमध्ये मिनिटाला ५ ते १० लिटर सोडतात. दोन्ही बाजूंच्या भोकांतून खोलीतली हवाही मिसळते, म्हणून ऑक्सिजन नेमका किती टक्के मिळतो हे सांगता येत नाही; रुग्ण जितका जोरात श्वास ओढेल तितकं ते प्रमाण घटतं. हा मास्क ५ लिटरच्या खाली वापरत नाहीत, कारण मास्कमध्ये साचलेला उच्छ्वास धुऊन निघत नाही आणि तोच पुन्हा आत जातो. त्याहून कमी ऑक्सिजन पुरेसा असेल तर नाकातल्या दोन नळ्याच बऱ्या.

पिशवीच्या मास्कला एकतर्फी झडपा असतात, १० ते १५ लिटर लागतात आणि तो सर्वांत जास्त ऑक्सिजन देतो. जीव धोक्यात असताना तो आधी लावणं योग्यच. तो लावण्याआधी पिशवी पूर्ण फुगवून घ्यावी लागते. श्वास घेताना ती थोडी आकसली तर ठीक, पण पार चिकटून बसली तर प्रवाह कमी पडतोय. असं दिसलं तर लगेच परिचारिकेला हाक मारा.

रंगीत नळीचा तो व्हेंचुरी मास्क. बारीक छिद्रातून ऑक्सिजन वेगाने सुटतो आणि बाजूच्या खिडक्यांतून ठरावीक प्रमाणात हवा ओढून घेतो. २४ टक्क्यांच्या नळीत एक भाग ऑक्सिजनमागे सुमारे २५ भाग हवा येते, ४० टक्क्यांच्या नळीत साधारण तीन भाग. टक्का ठरतो तो नळीच्या छिद्रावरून आणि खिडक्यांच्या मापावरून, म्हणून नळीवर लिहिलेला प्रवाह पुरवला की टक्का तोच राहतो. प्रवाह वाढवून ऑक्सिजन वाढत नाही. त्यासाठी नळीच बदलावी लागते. पांघरूण त्या खिडक्यांवर आलं तर हवा आत येत नाही आणि टक्का भलताच चढतो. हे घरच्यांनी जरूर पाहावं.

आता ९० चा प्रश्न. बहुतेक रुग्णांत हा आकडा ९४ ते ९८ टक्के ठेवतात, पण कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या सीओपीडीच्या रुग्णांना ८८ ते ९२. अशा फुप्फुसात निकामी भागांकडे जाणारं रक्त शरीराने आवळून धरलेलं असतं. जास्त ऑक्सिजन मिळाला की ते पुन्हा तिकडे वाहू लागतं. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं रक्त कार्बन डायऑक्साइड कमी वाहून नेतं आणि श्वासाची ओढही मंदावते. परिणामी रक्तात कार्बन डायऑक्साइड चढतो. आई अकारण झोपाळू झाली, सकाळी डोकं दुखतंय म्हणू लागली, पुढे धरलेले हात फडफडू लागले, तर बोटावरचा आकडा चांगला असला तरी तातडीने डॉक्टरांना सांगा.

मास्कखाली नाकाचं हाड आणि कानामागची कातडी रोज तपासा. ओठांना पेट्रोलियम जेली लावू नका, पाण्यावर आधारित मलम लावा. ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ भडकू शकतात. खोलीत सिगारेट किंवा कसलीही ज्योत नको. उलटीची भावना झाली तर मास्क लगेच बाजूला करा.

प्रश्न: दीड वर्षाच्या मुलाला दम्याचं औषध स्पेसर (इन्हेलरला जोडायची प्लास्टिकची नळी) आणि मास्कने देतो. तो रडतो, मग आम्ही मास्क चेहऱ्यापासून थोडा लांब धरतो. औषध जातं ना?

उत्तर: फारच थोडं जातं. मास्क आणि चेहरा यांच्यात एखाद-दोन सेंटिमीटरचं अंतरसुद्धा फुप्फुसात जाणारं औषध खूप घटवतं. रडतानाही तेच होतं: मूल लांब श्वास सोडतं आणि आत घेतं तो झटक्याने, त्यामुळे औषध घशावर आदळून राहतं. म्हणून आधी मूल शांत करा. औषध नसताना दिवसातून दोन-तीनदा मास्क खेळण्यासारखा हातात द्या, बाहुलीला लावू द्या.

इन्हेलर चांगला हलवा आणि स्पेसरला जोडा. मुलाला मांडीवर सरळ बसवा, त्याचं डोकं तुमच्या छातीला टेकू द्या. मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकेल असा घट्ट टेकवा, मग एकदाच दाबा. पाच-सहा श्वास होईपर्यंत धरून ठेवा. झडप हलताना दिसली की औषध जातंय. दुसरा पफ द्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा. दोन पफ एकदम दाबले तर कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि भिंतीवर बसतात. स्टेरॉइडचं औषध असेल तर नंतर तोंडात पाणी फिरवा आणि मास्कखालचा चेहरा ओल्या फडक्याने पुसा.

स्पेसर कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून धुवा आणि न पुसता तसाच निथळू द्या. फडक्याने घासला की प्लास्टिकवर वीज साठते आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात. एन-९५ मध्ये जो विद्युतभार हवाहवासा असतो, तोच इथे औषध खातो. चार-पाच वर्षांचं मूल ओठांनी नळी नीट धरू लागलं की मास्क सोडून द्या, कारण नाक औषधाचा बराच भाग गाळून घेतं.

प्रश्न: घोरण्यासाठी आणि झोपेत श्वास थांबण्यासाठी सीपॅप यंत्र दिलं आहे. मास्क कितीही आवळला तरी हवा डोळ्यांत जाते आणि नाकावर जखम झाली आहे.

उत्तर: आवळणं हेच कारण असण्याची शक्यता जास्त. या मास्कची गादी दोन पातळ पदरांची असते आणि हवेच्या दाबाने फुगून ती चेहऱ्याला सील करते. जोरात आवळली की ती चपटी होते आणि सील तुटतं. सगळे पट्टे सैल करा. ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर आडवे व्हा, यंत्र नेहमीच्या दाबावर सुरू करा, मास्क थोडा चेहऱ्यापासून उचलून गादी फुगू द्या आणि परत टेकवा. मग आधी खालचे पट्टे, नंतर वरचे, गळती थांबेल इतपतच आवळा. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. बसून बसवलेला मास्क आडवं झाल्यावर गळतो, कारण गाल आणि जबडा सरकतात.

तरीही डोळ्यांत वारा जात असेल तर माप मोठं आहे किंवा प्रकार चुकला आहे. नुसत्या नाकाच्या मास्कमध्ये तोंड उघडं राहून सकाळी घशाला कोरड पडत असेल तर नाकतोंड झाकणारा मास्क किंवा हवा दमट करणारं उपकरण लागेल. मास्कच्या पुढे काही बारीक भोकं असतात, त्यांतून सतत हवा सुटते. ती गळती नव्हे. तुमचा उच्छ्वास तिथूनच बाहेर पडतो. ती भोकं कधीही बुजवू नका. झोपण्याआधी चेहरा धुवा, क्रीम लावू नका, गादी रोज सौम्य साबणाने धुवा. त्वचेचं तेल सिलिकॉन मऊ करतं. घरात कोणाला पेसमेकर असेल आणि मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बटणं असतील तर ती पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर लांब हवीत. पेसमेकर तुम्हाला स्वतःलाच असेल तर बिनचुंबकाचा मास्क मागा. जखम मात्र भरेपर्यंत डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: पतीला घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन द्यायचं आहे. चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवून टेबलाला जखडतात, असं ऐकलं. त्यांना बंद जागेची भीती वाटते.

उत्तर: हा मास्क औषध देत नाही आणि काही अडवतही नाही, तो फक्त डोकं आणि मान रोज त्याच जागी, काही मिलिमीटरच्या आत, ठेवतो. किरण गाठीवर पडावेत आणि शेजारची लाळग्रंथी किंवा मज्जारज्जू वाचावा, यासाठी ते लागतं.

बनवताना प्लास्टिकची जाळीदार पाटी सुमारे ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात ठेवतात. ती मऊ झाली की पाणी झटकून, जरा निवू देऊन चेहऱ्यावर ओढतात. कोमट ओला टॉवेल टाकल्यासारखं वाटतं. काही मिनिटांत ती कडक होते. मग तशाच स्थितीत सीटी स्कॅन काढतात. किरणांसाठीच्या बहुतेक खुणा मास्कवरच करतात, त्यामुळे चेहऱ्यावर रेषा येत नाहीत. जाळीतून श्वास घेता येतो आणि दिसतंही.

भीतीबद्दल पहिल्याच भेटीत सांगा, मास्क बनवण्याच्या आधी. डोळे आणि तोंडाजवळचा भाग कापून मोकळा करता येतो का, चेहरा उघडा ठेवणारा प्रकार आहे का, हे विचारा. उपचाराच्या वेळी खोलीत ते एकटे असले तरी कॅमेऱ्यातून कर्मचारी सतत पाहत असतात. हात वर करण्याची खूण आधीच ठरवा. मास्कच्या कड्या काही सेकंदांत सुटतात, ते एकदा पतींना प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. बऱ्याच जणांची भीती तिथेच निम्मी होते. गरज पडल्यास आधी सौम्य औषध देतात.

दाढी-केस ठेवायचे की काढायचे हे मास्क बनण्याआधीच ठरवा आणि मग बदलू नका. डोक्या-मानेचे उपचार बरेचदा सहा-सात आठवडे चालतात. त्या काळात वजन उतरलं तर मास्क सैल होतो, स्टेरॉइडने चेहरा सुजला तर काचतो. दोन्ही लगेच सांगा. नवा मास्क करणं ही अपयशाची खूण नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

प्रश्न: माझ्या रिपोर्टवर ‘मास्क्ड हायपरटेन्शन’ लिहिलं आहे. (दुसऱ्या वाचकाने वडिलांच्या पार्किन्सनच्या कागदावरच्या ‘मास्क फेस’बद्दल आणि एका वाचिकेने ‘मास्क ऑफ प्रेग्नन्सी’बद्दल विचारलं आहे.)

उत्तर: तिन्ही ठिकाणी मास्क म्हणजे मुखवटा.

मास्क्ड हायपरटेन्शन म्हणजे दवाखान्यात रक्तदाब १४०/९० च्या खाली भरतो, पण घरी मोजलेल्या नोंदींची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येते. म्हणजे दवाखान्यातल्या आकड्याने खरा दाब झाकला. दुर्लक्ष करू नका, त्याचा हृदयावर आणि मेंदूवर परिणाम होतो. घरी मोजताना पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला. सकाळी औषधाआधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. आठवडाभराच्या नोंदी डॉक्टरांना दाखवा.

पार्किन्सनमध्ये चेहऱ्याचे स्नायू कमी आणि हळू हलतात, पापण्या कमी लवतात. घरच्यांना वाटतं वडील रागावले आहेत किंवा त्यांना कशातच रस उरला नाही. आत भावना असतात, फक्त चेहरा ती सांगत नाही. त्यांना शब्दांत विचारा: ‘आवडलं का?’ ‘दुखतंय का?’ वाचा-उपचारतज्ज्ञांकडून चेहऱ्याचे व्यायाम शिकता येतात.

गर्भारपणातला मुखवटा म्हणजे आपल्याकडे ज्याला वांग म्हणतात तो. गाल, कपाळ, वरचा ओठ यांवर तपकिरी डाग येतात. गरोदरपणातले बदललेले हार्मोन आणि ऊन ही त्याची कारणं. गर्भनिरोधक गोळ्यांनीही येतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बहुधा फिका पडतो. तोवर टोपी किंवा छत्री, आणि एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं, शक्यतो लोह ऑक्साइडचा रंग घातलेलं सनस्क्रीन वापरा, कारण दृश्य प्रकाशानेही वांग गडद होतो. डाग घालवणारी क्रीमं गरोदरपणी स्वतःहून लावू नका. त्यांतली काही या काळात टाळायची असतात.

श्रवणचाचणीतही ‘मास्किंग’ असतं. एका कानाची परीक्षा चालू असताना दुसऱ्या कानाने चोरून ऐकू नये, म्हणून त्यात सळसळता आवाज सोडतात. तो ऐकून गोंधळू नका, बारीक स्वर ऐकू आला की बटण दाबा, बाकीकडे लक्ष नको.

प्रश्न: डॉक्टर मास्क कधीपासून घालू लागले?

उत्तर: सतराव्या शतकात युरोपात प्लेगचे डॉक्टर चोचीचा मुखवटा घालत, चोचीत सुवासिक वनस्पती भरत, कारण रोग दुर्गंधीतून होतो अशी समजूत होती. शस्त्रक्रियागृहातला मास्क आला १८९७ मध्ये. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाउला कार्ल फ्ल्यूगे यांनी बोलताना उडणाऱ्या थुंकीच्या थेंबांत जंतू असतात हे दाखवलं आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या सर्जन योहान मिकुलिच यांनी गॉजचा मास्क लावून शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पॉल बर्जर यांनी गॉजचे सहा पदर नाकातोंडावर बांधले आणि खालची कड अंगावरच्या एप्रनला शिवून घेतली, कारण त्यांना दाढी होती. फट बुजवण्याचा तो प्रयत्न तेव्हापासूनचा आहे.

घालणाऱ्याला वाचवण्यासाठी मास्क आणला तो डॉक्टर वू लिएन-तेह यांनी, १९१० च्या हिवाळ्यात चीनच्या मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली तेव्हा. हा प्लेग श्वासातून पसरतो असं त्यांनी ओळखलं आणि कापूस घालून गॉजचे जाड मास्क सर्वांना वापरायला लावले. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना ते पटलं नाही. ते मास्कशिवाय रुग्णांमध्ये गेले आणि थोड्याच दिवसांत प्लेगने वारले.

प्रश्न: मला कमी ऐकू येतं. रुग्णालयात सगळ्यांचे ओठ झाकलेले असतात, त्यामुळे काहीच कळत नाही. शिवाय मास्क काढताना श्रवणयंत्र कानातून उडतं.

उत्तर: तुमची अडचण अगदी खरी आहे आणि ती सांगण्यात संकोच नको. मास्क ओठ झाकतोच, शिवाय उच्च स्वर दाबतो. सर्जिकल मास्कने ३-४ डेसिबल, एन-९५ ने सुमारे १२ डेसिबलपर्यंत. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ या व्यंजनांची ओळख त्याच स्वरांत असते, म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. गेल्याबरोबर सांगा: ‘मला ओठ बघून समजतं. समोर उभे राहून सावकाश बोला आणि औषधाचं प्रमाण कागदावर लिहून द्या.’ ओरडायला सांगू नका, ओरडल्याने शब्द आणखी विरूप होतो. पारदर्शक खिडकीचे मास्क मिळतात. ते आवाज थोडा जास्त दाबतात, पण ओठ दिसत असल्यामुळे तुमच्यासाठी फायद्याचे ठरतात. फोनमध्ये बोललेलं अक्षरांत दाखवणारी सोय असेल तर ती चालू ठेवा.

तुमच्या स्वतःच्या मास्कला कानात अडकवायचे पट्टे नकोत. डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचा घ्या, किंवा दोन्ही पट्टे मानेमागे जोडणारी छोटी पट्टी लावा. काढताना मान खाली घालून, यंत्रावर एक हात ठेवून, पट्टा आधी पुढे सैल करा आणि मग वर उचला. काढल्यावर लगेच दोन्ही यंत्रं जागेवर आहेत का, ते चाचपून पाहा.